खालचीला वरची ऐकू येते

४ फेब्रुवारी

प्रिय कानसेन,

हे कामाचं पत्र आहे. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स व्हायचं. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही आणि सहीसाठी घटस्फोटाचे कागदही पाठवत नाहीये. वकीलबाई अधूनमधून फोन करतात, "मग, पुढे काय करायचं तुमचं?" मी म्हणते, सध्या शूटिंग चालू आहे. तू बेटावर पक्ष्यांचे आवाज टिपायला गेल्यापासून आमचं शूटिंग चालूच आहे, अशी त्यांची समजूत आहे.

तर काम. वरची-खालचीचा सिनेमा झाला. अखेर झाला रे! कात्रीने परवा शेवटचा तुकडा जोडला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मुकादम, आता ह्याला हात लावला तर बिघडेल." कात्रीसारखा संकलक स्वतःहून असं म्हणतो म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे. गेल्या वेळी सिनेमा त्याच्या हातातून अक्षरशः ओढून घ्यावा लागला होता.

तू गेलास तेव्हा नुसता चित्रणाचा ढीग होता, आता त्याची गोष्ट झाली आहे. सुरुवात जिन्यापासून. दोन मजली घर, एक जिना, दोन दारं. खालच्या दारात थोरली बहीण, शाळेतून निवृत्त झालेली भूगोलाची बाई. वरच्या दारात धाकटी, जन्मभर जहाजांवर नर्स म्हणून फिरलेली. वडील गेल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, दोघींचा अबोला. जिन्यातला दिवा गेला तर जिला आधी दिसेल ती बदलते, पण दुसरीला सांगत नाही. एकमेकींचं नावसुद्धा घेत नाहीत. थोरली म्हणते 'वरची', धाकटी म्हणते 'खालची', आणि त्यांचं ऐकून आपणही तेच म्हणायला लागलो.

मग तो तुझा आवडता प्रसंग. खालची चहाचा कप घेऊन बसलीय, नजर छताकडे. "आता ती ओट्यापाशी गेली. आता खिडकीशी. आज डावा पाय घासतोय, गुडघा दुखत असणार." आपली दिग्दर्शिका विचारते, "मग तुम्ही विचारत का नाही?" खालची म्हणते, "कोणाला?"

इथे मला तुझं रेकॉर्डिंग हवंय. वरचीच्या सपातांचा आवाज, जो तू खालच्या खोलीत छताला माइक लावून दिवसभर घेतला होतास. ऑफिसातली प्रत सापडत नाही. तुझ्याकडच्या डिस्कवर असेल तर पुढच्या बोटीने पाठव.

घाई अशासाठी की महोत्सवाने सिनेमा घेतलाय! मे महिन्यात, मोठ्या पडद्यावर. कळलं तेव्हा दिग्दर्शिका खुर्चीवर चढून ओरडली. ऑफिसखालच्या चष्म्याच्या दुकानातले काका धापा टाकत वर आले, त्यांना वाटलं आग लागली. तिथे चांगला चालला तर एक वाहिनीही घेणार आहे, आणि मग कंपनीला, म्हणजे मला, कात्रीला आणि त्या पोरीला, पुढचा सिनेमा मान वर करून करता येईल.

ज्यावर हा सगळा डोलारा उभा आहे तो प्रसंग मात्र मी अजून कोरड्या डोळ्यांनी बघू शकत नाही. आठवतं? आपण सामान आवरत होतो आणि खालची एकदम म्हणाली, "थांबा. तिला का बोलावलं नाही ते सांगते." वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा वरचीचं जहाज जवळच्याच बंदरात होतं. एक फोन केला असता तर ती पोचली असती. खालचीने केला नाही. धाकटी आली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिने एकदाच विचारलं, "मला का कळवलं नाहीस?" थोरली म्हणाली, "सुचलं नाही." संपलं. तिथून पुढे एक शब्द नाही. आणि आपल्या कॅमेऱ्यापुढे ती म्हणाली, "बाबांनीच माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाले, तिला बोलावू नकोस. ती आली की मला मरू देणार नाही. दवाखान्यात नेईल, नळ्या घालील, आणि मला माझ्या बिछान्यात मरायचंय. आता हे तिला कसं सांगू? बापाला शेवटी तुझीच भीती वाटली, असं?"

तू हेडफोन काढले नव्हतेस, पण मी तुझ्याकडे बघत होते.

वरचीला ह्यातलं काही ठाऊक नाही. खालचीने सही करून परवानगी दिली तेव्हा म्हणाली होती, "दाखवा सगळ्यांना. तिला आपोआप कळेल, मला तोंड उघडावं लागणार नाही." महोत्सवाआधी वरचीला सिनेमा दाखवायचा, असं आम्ही ठरवलंय. कधी, ते ठरलेलं नाही. कसं, ते तर नाहीच.

तिकडे थंडी असेल. तुझा राखाडी स्वेटर इथेच राहिलाय. मी घालते कधीकधी. साउंडच्या खोलीत फार गार असतं.

तुझी, म्हणजे कंपनीची,
मुकादम


२५ फेब्रुवारी

प्रिय कानसेन,

डिस्क मिळाली. सोबतचं पत्रही. अडीच पानं पक्षी आणि शेवटी दोन ओळी तू. त्या पांढऱ्या पोटाच्या पक्ष्याची मादी घरट्याकडे परतताना वेगळा आवाज काढते, हे वाचून बरं वाटलं. तू वेळेवर जेवतोस का, हेही कळवलं असतंस तर आणखी बरं वाटलं असतं.

पण आज वेगळंच सांगायचंय. वरची पडली.

खालचीने मला सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते. "सकाळी चहा घेऊन बसले. वर काहीच नाही. म्हटलं, उशिरा उठली असेल. चहा निवला. मग म्हटलं, बाहेर गेली असेल. पण बाहेर गेली तर दार वाजतं. दार वाजलं नव्हतं. मग कप तसाच ठेवून उठले."

तिने वडिलांच्या वेळच्या जुडग्यातून वरच्या दाराची किल्ली शोधली आणि इतक्या वर्षांत जो जिना चढली नव्हती तो चढली. वरची स्वयंपाकघरात फरशीवर आडवी. शुद्धीवर, पण खुब्याचं हाड मोडलेलं, ओरडायचं त्राण नाही. थोरलीला दारात बघून ती काय म्हणाली असेल?

"गॅस बंद कर."

"केला," खालची म्हणाली.

"आणि मला हलवू नकोस. चुकीचं उचललंस तर पाय जाईल माझा."

"बरं."

वीस वर्षांनंतरचं पहिलं बोलणं हे! खालचीने आधी ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग मला. म्हणाली, "दुसरा कोणाचा नंबर पाठ नाही. तुम्ही सारख्या तारखा बदलायला फोन करायच्यात ना."

मी दिग्दर्शिकेला कळवून हॉस्पिटलात पोचले तर ती फाटकाशीच उभी, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. "मॅडम, फक्त दारातून एक शॉट. सिनेमाचा शेवट आपल्या पायांनी चालत आलाय!"

मी म्हटलं, "बॅग गाडीत ठेव आणि आत जाऊन खालचीला काहीतरी खायला घाल."

माझ्याकडे असं बघितलं तिने की मी गाडीखाली यावं. पण गेली. डॉक्टरांशी बोलून मी परत आले तेव्हा खालची तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती आणि पोरगी श्वाससुद्धा जपून घेत होती. हात बधिर झाला तरी हलली नाही. तेव्हा वाटलं, हिला काम दिलं ते चुकलं नाही आपलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी वरची तिथल्या नर्सला सांगत होती, "सलाईन जरा हळू सोड गं, मी घोडी नाही." पोरी आधी वैतागल्या, मग तिच्याकडे शिकायला यायला लागल्या.

आता तिला जिना चढता येणार नाही, म्हणून ती खालचीच्या खोलीत आहे. काल मी भेटून आले. खालची चहा पिताना छताकडे बघत नाही आता.

मुकादम


१४ मार्च

प्रिय कानसेन,

तुझा सल्ला हवाय. हे वाक्य जपून ठेव, पुन्हा मिळणार नाही.

काल खालची ऑफिसात आली. एकटी. जिन्याने दम लागला होता म्हणून तुझ्या खुर्चीवरची खोकी हलवून तिला तिथे बसवलं. पाणी प्यायली, रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाली, "बाई, मागायला आलेय. ते बाबांबद्दलचं बोललेलं काढून टाका."

"पण तुम्हीच म्हणाला होतात, तिला कळू दे म्हणून."

"तेव्हा ती वर होती हो. आता माझ्या खोलीत झोपते. सकाळी हाक मारते मला. परवा पलंगावर बसल्या बसल्या माझे केस विंचरून दिले तिने. तेव्हा हातचं जायला काही नव्हतं, म्हणून तोंड उघडलं. आता आहे."

मी तिला समजावलं. म्हटलं, ते काढलं तर सिनेमात तुम्ही फार वाईट दिसाल. बाप शेवटच्या घटका मोजतोय आणि तुम्ही सख्ख्या बहिणीला कळवत नाही, का तेही सांगत नाही. लोक शिव्या घालतील तुम्हाला.

"घालू देत. मी काय लोकांबरोबर राहते? मी तिच्याबरोबर राहते."

मी तिला हात धरून जिन्यापर्यंत नेलं.

ती गेली आणि पलीकडच्या खोलीतून दिग्दर्शिका बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिने. "मॅडम, सही आहे आपल्याकडे."

"आहे."

"माझा पहिला सिनेमा आहे हा. आणि मुख्य म्हणजे, तो प्रसंग काढला तर आपण खोटं दाखवतोय. ती दुष्ट नाही हे आपल्याला माहीत असताना ती दुष्ट आहे असं दाखवायचं? हे चालतं तुम्हाला?"

घोडं तिथेच पेंड खातंय, कानसेन. पोरीचं बरोबर आहे. खालचीचंही बरोबर आहे. कात्रीने मान न वळवता म्हटलं, "काढता येईल. जागा भरूनही देईन. फक्त माझं नाव घालू नका." म्हणजे तोही!

मग दोघांना सांगितलं, निर्माती म्हणून सांगते, खालची हो म्हणेपर्यंत सिनेमा ह्या खोलीबाहेर जाणार नाही. कापून नाही आणि न कापताही नाही. महोत्सवाला काय सांगायचं ते मी बघेन.

दिग्दर्शिकेने बॅग उचलली आणि गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

तुझं मत कळव. पक्ष्यांबद्दल नंतर लिही.

मुकादम

ता. क. हा सिनेमा थांबला तर कंपनीचं काय होईल, ते तुला सांगायला नको. म्हणून सांगत नाहीये.


३१ मार्च

प्रिय कानसेन,

तुझं उत्तर मिळालं. 'खालचीला विचारलंस, पोरीला विचारलंस, कात्रीला विचारलंस, मलाही विचारलंस. वरचीला कोणी विचारलं?' एवढंच. सही पण केली नाहीस.

असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, बेटावर बसून शहाणपण शिकवायला काय जातंय? तो राग घेऊनच दिवसभर काम केलं. मग लक्षात आलं, की खरंच कोणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे मिळून तिच्या बापाबद्दल ठरवत होतो आणि ती पलीकडे पलंगावर बसून पायाचे व्यायाम करत होती.

मग गेले. काही न फोडता फक्त विचारायचं ठरवलं होतं. वरची खिडकीपाशी उशांना टेकून बसली होती, खालची आत चहा करत होती. मी म्हटलं, "सिनेमा तयार आहे. बघायला आवडेल तुम्हाला?"

"हे काय विचारणं झालं? इतकी वर्षं माझ्या घरात दिवे लावलेत तुम्ही. दाखवा की." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काय आहे त्यात?"

"तुमच्या दोघींचं बोलणं."

"ते माहीत आहे. मीही हिला काय काय म्हटलंय. मी तुमच्या चेहऱ्याचं विचारतेय. आत डॉक्टर असतात आणि बाहेर नातेवाईक, तेव्हाचे चेहरे बघण्यात माझा जन्म गेलाय, बाई. सांगा, काय झालंय?"

खालची चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं, कारण ती तिथून पुढे येईना. मी उठून तिच्या हातातला ट्रे घेतला. हात मोकळे झाले तसे तिला कुठे ठेवावेत कळेना. आणि एकदम म्हणाली, "बाबांनी सांगितलं होतं, तुला बोलावू नको म्हणून."

मला तिथून निघायचं होतं रे. पण एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला ती, आणि मध्ये मी, हातात तीन कप. हलले असते तर सांडलं असतं.

तिने उभ्यानेच सगळं सांगितलं. वर्गात शिकवावं तसं, ओळीने. कधी ताप वाढला, डॉक्टर काय म्हणाले, फोनपाशी ती किती वेळा गेली आणि बाबांनी प्रत्येक वेळी कशी मान हलवली. शेवटी ते वाक्य. ती आली की मला मरू देणार नाही.

वरची खिडकीबाहेर बघत होती. समोरच्या घराच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं, त्या सगळ्या घालून झाल्या. मग ती म्हणाली, "खरंय. नसतं दिलं."

आणि पुढे, "उचलून नेलं असतं मी त्यांना. सगळं केलं असतं. महिनाभर ओढलं असतं. ओळखून होते मला." हसली की काय ते कळलं नाही, पण पुढच्या क्षणी थोरलीवर अशी कडाडली! "आणि तू! हे पोटात घेऊन बसलीस? सांगता येत नव्हतं?"

"तुला लागलं असतं."

"आणि हे लागलं नाही? एकदा तरी खाली येऊन तुझा गळा धरायला हवा होता मी."

"आली नाहीस ना पण."

"तू कुठे वर आलीस?"

"आले की. पडलीस तेव्हा."

वरचीने तोंड फिरवलं. म्हणाली, "जा जरा बाहेर. मला रडायचंय."

"मग रड की," खालची म्हणाली. "मला काय नवीन आहे? वर रडायचीस तेव्हा सगळं ऐकू यायचं मला."

तेव्हा मी तो ट्रे खाली ठेवला आणि चपला हातात घेऊन बाहेर आले. जिन्यात बसून राहिले बराच वेळ. तुला फोन लागत नाही हे मला पाठ आहे, तरी लावून बघितला.

मुकादम


१८ एप्रिल

प्रिय कानसेन,

सिनेमा दोघींनी बघितला. आपल्याच ऑफिसात, भिंतीवर. वरचीला खुर्चीसकट वर आणायचं काम कात्री आणि चष्मेवाले काका ह्यांनी केलं, आणि ती प्रत्येक पायरीला त्यांना सूचना देत होती. दिग्दर्शिकेला मी निरोप ठेवला होता. येईल अशी खात्री नव्हती. आली, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली, नखं खात.

सिनेमा बघायचा म्हणजे गप्प बसायचं असतं, हे त्या दोघींना कोणी सांगितलेलं नाही. पडद्यावर वरची म्हणते, "खालची सकाळी उठून गाते. गाता येत नाही, तरी गाते." तर खालची अंधारात, "असं म्हणालीस तू?" "मग काय, खोटं आहे?" पडद्यावर खालची म्हणते, "वरचीने जग बघितलं आणि शिकली काहीच नाही." तर वरची म्हणाली, "ह्या वाक्याला टाळ्या पडतील बघ." कात्री हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. तो कधी हसलेला तुला आठवतो?

तो प्रसंग आला तेव्हा मात्र वरची एकदाच बोलली. "आवाज वाढवा जरा."

दिवे लावले. दिग्दर्शिकेने विचारलं, "काय करू? काढू?" गेल्या महिन्यात सहीचा कागद नाचवणारी हीच पोरगी.

खालची वरचीकडे बघत होती. वरची म्हणाली, "राहू दे. आमचा बाप कसा होता ते कळू दे लोकांना. पण मी सकाळी उठून दार उघडते तो अवतार काढा. केस केवढे पिंजारलेत!" खालची म्हणाली, "तो ठेवा, तो फार छान आहे." त्यावर वाद झाला. शेवटी केस गेले, बाबा राहिले.

दिग्दर्शिकेने एकच मागितलं. दोघी एका खोलीत बसल्यात असा एखादा शॉट, शेवटाला. वरचीने साफ नाही म्हटलं. "ते आता आमचं आहे. तिथे कॅमेरा नको." पोरीने माझ्याकडे बघितलं, आणि मान डोलावली. आता शेवटी काळ्या पडद्यावर नुसत्या तुझ्या सपाता वाजतात.

त्या सपातांचंही सांगून टाकते. ऑफिसातली प्रत सापडत नाही असं लिहिलं होतं ना, ती हरवलीच नव्हती. कपाटात, दुसऱ्या खणात, तुझ्याच अक्षरातली चिठ्ठी लावलेली. पत्र लिहायला काहीतरी कारण हवं होतं.

खाली उतरवायच्या आधी वरची मला म्हणाली, "तुमचे ते साउंडवाले कुठे गेले? चांगला माणूस होता. कमी बोलायचा."

"लांब असतो आता. कामात आहे."

"बोलावलंत का?"

"त्याला यायचं असतं तर—"

"मी ते विचारलं नाही. बोलावलंत का?"

मी म्हटलं, कामात आहे तो. ती म्हणाली, "मीही जहाजावर कामातच होते."

तर बोलावतेय. महोत्सवाला ये. सिनेमात तुझं नाव आहे, मोठ्या पडद्यावर तुझा आवाज कसा लागतो ते बघायला हवं, वगैरे सगळं लिहिणार होते. ते राहू दे. ये.

मुकादम


२६ मे

प्रिय कानसेन,

तुझं पत्र महोत्सवाच्या आदल्या दिवशी हातात पडलं. 'ह्या वेळी येता येत नाही' एवढं वाचून मी ते घडी घालून पर्समध्ये टाकलं आणि कामाला लागले. पुढचं वाचलंच नाही. मनात म्हटलं, बरं झालं, एकदाचं कळलं.

आता आधी खेळाचं. सभागृह भरलं होतं, मागे लोक उभे. दिग्दर्शिकेने घातलेले बूट तिच्या बहिणीचे होते आणि दोन्ही पायांना चावत होते, त्यामुळे व्यासपीठावर ती अनवाणी गेली. लोकांना वाटलं, कलाकार आहे. 'कोणाला?' ह्या वाक्यावर केवढं मोठं हसू आलं आणि मध्येच कसं विरलं ते तू ऐकायला हवं होतंस. शेवटी काळा पडदा आणि सपाता. खोकलासुद्धा नाही कोणाचा. माझ्या शेजारी कात्री रडत होता आणि चष्मा खराब आहे म्हणून काकांना दोष देत होता.

मग दोघींना पुढे बसवलं. वरची काठी टेकत गेली, कोणाचा हात घेतला नाही. खालची तिच्या मागे अर्धं पाऊल, पडली तर धरायला. प्रेक्षकांतून एका बाईने विचारलं, "आता तुम्ही बोलता ना एकमेकींशी?"

वरचीने माइक घेतला. "बोलतो की. आज सकाळपासून मात्र बंद आहे."

खालचीने तिच्या हातातून माइक ओढला. "आणि कारण विचारू नका, ह्यांचा आणखी एक सिनेमा निघेल."

टाळ्या थांबेनात. वाहिनीच्या बाईंनी तिथेच माझा हात हातात घेतला. पुढचं सगळं नीट होईल असं दिसतंय. मी आनंदात होते, खरंच होते, आणि सारखी मागे वळून दाराकडे बघत होते. बोट नाही हे माहीत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकिटाचा तुकडा शोधताना पर्समध्ये तुझं पत्र लागलं आणि उरलेलं वाचलं. 'पिल्लं उडेपर्यंत इथून हलता येत नाही. खोली लहान आहे, पण खिडकी समुद्राकडे आहे. पहाटे सगळे एकदम बोलायला लागतात तेव्हा वाटतं, हे तुला ऐकवावं.'

अरे शहाण्या, हे आमंत्रण आहे का? असेल तर इतकं हळू करायचं नसतं. आणि तेही 'येता येत नाही'च्या खाली! सगळं आयुष्य माइकमागे काढलं की माणसाला मोठ्याने बोलायचं विसरायलाच होतं बहुतेक. नसेल आमंत्रण, तर आता उशीर झालाय, कारण मी बंदरावर चौकशी करून आले. ह्या बोटीने पत्र येईल, पुढच्या बोटीला माझी जागा आहे. मला बोट लागते, हे तुला आठवत असेल. धक्क्यावर उतरेन तेव्हा चेहरा हिरवा असेल, त्याचा वेगळा अर्थ लावू नकोस.

कॅमेरा आणत नाही. कात्री म्हणाला, निदान छोटा तरी न्या. मी नाही म्हटलं.

ऑफिसच्या किल्ल्या आज दिग्दर्शिकेला दिल्या. कुठलं कुलूप अडतं, कुठल्या फोनला आधी उत्तर द्यायचं, कात्रीला जेवायला कधी हाक मारायची, सगळं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, किती दिवसांसाठी जाताय?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

इतकी वर्षं निर्माती आहे मी. कधी सुरू, कधी बंद, कोण किती वाजता कुठे, हेच सांगत आलेय सगळ्यांना. हे शब्द माझ्या तोंडून पोरीने पहिल्यांदाच ऐकले. तिने किल्ल्या खिशात घातल्या, मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "जा. आम्ही आहोत."

मुकादम